नाना कंडक्टरचे रुमाल

आमच्या गावात शेवटचं मंगलाष्टक म्हणून लग्न लागत नाही. ते लागतं नाना कंडक्टरनं डबल बेल दिल्यावर.

नाना एस.टी.तून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण सायकलची एक घंटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असते. एकदा टिंग म्हणजे थांबा. दोनदा टिंग म्हणजे निघा. अंतरपाट धरलेला असतो, मुठीतल्या अक्षता घामानं चिकट झालेल्या असतात आणि नाना मांडवातून डोकी मोजत फिरत असतात. "नवरीचा मामा कुठं हाय? पाणी प्यायला उतरला? मंग थांबा." टिंग. भटजीही थांबतात. मामा तोंड पुसत येतो, नाना सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतात, टिंग टिंग, आणि मगच वाजंत्री वाजते. एकदा बाहेरगावच्या वरबापाला राग आला. "हे कोण?" त्यानं विचारलं. "गाडी सोडणारे," आमच्या सरपंचांनी शांतपणे सांगितलं.

नानांच्या भाषेत माणूस म्हणजे शीट. पंगतीत जागा नसली की ते म्हणणार, "मागं सरका, मागं दोन शीट बसतंय." गर्दी दिसली की त्यांना बरं वाटतं. ते एकटेच राहतात, शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. अंगणातल्या दोरीवर एक धोतर, एक सदरा आणि वीस-पंचवीस रुमाल वाळत असतात. गावात कोणाकडेही कार्य असलं तरी नानांना आहेरात टॉवेल-टोपी चालत नाही. "रुमाल द्या. टोपी काय शीटावर टाकू?"

ज्यांनी आमच्याकडच्या गाड्यांतून प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. गाडी फाट्यावर लागते, दारात झुंबड उडते, आणि शहाणा माणूस दारात न शिरता खिडकीतून रुमाल आत टाकतो. जागा त्याची. पुढे शिव्या होतील, गचांडी धरली जाईल, पण रुमाल कोणी उचलणार नाही. मी बरेच कायदे वाचले आहेत. याच्याइतका पाळला जाणारा कायदा मला दुसरा माहीत नाही.

कायदे वाचायची सवय घरची. वडील चळवळीतले, त्यामुळे घरात पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत. अक्षरओळखही मला त्या पत्रकांवरच झाली. परभणीहून एम.ए. करून गावात परत आले तेव्हा शाळेच्या शिंदे मॅडमनी गॅदरिंगसाठी एक नाटुकलं लिहून मागितलं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. मी लेकरांची ग्रामसभा लिहिली. सरपंचाच्या खुर्चीत चौथीतली पूनम. पूनम ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. तिचा आवाज असा, की तिनं तांड्यावरून शेळीला हाक मारली तर गावातल्या शेळ्यासुद्धा मान वर करतात.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक तांड्यावर आला. माणसं ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेली, त्यांच्याबरोबर शाळेतली सात लेकरंही गेली. पूनमला धाकट्या भावाला सांभाळायला नेलं. जाताना तिनं नाटुकल्यातलं आपलं काम लिहिलेली पानं पोलक्यात खोचून नेली.

दुसऱ्या दिवशी नाना सात रुमाल घेऊन शाळेत हजर झाले. सहा त्यांनी वर्गात, त्या-त्या लेकराच्या जागेवर टाकले. सातवा सरपंचाच्या खुर्चीवर. तेव्हापासून हजेरीला पूनमचं नाव आलं की पोरं एका सुरात सांगत, "रुमाल हाय, मॅडम."

तालीमही रुमालासमोरच चाले. "सरपंचबाई, शाळेच्या नळाला पाणी न्हाई," असं एखादं पोरगं तळमळून म्हणे, आणि रुमाल गप्प बसे. एकदा खरे सरपंच तालीम बघायला आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा हाय. शिव्या तरी देत न्हाई."

मला मात्र तो रुमाल खुपायला लागला. लेकरांची शाळा सुटते ही गोष्ट काही हळवी होण्यासारखी नाही, चिडण्यासारखी आहे. मी ठरवलं, खुर्ची उघडी ठेवायची. नाटुकल्याच्या शेवटी सगळ्या पोरांनी तिच्याकडे बोट करून उभं राहायचं. मी फलक रंगवले आणि 'ही खुर्ची रिकामी का?' या मथळ्याचं पत्रकही छापून आणलं.

"नाना, तेवढा रुमाल काढा," मी म्हणाले. "खुर्ची रिकामी दिसली पाहिजे. लोकांना टोचली पाहिजे."

"रिकामी कुठं हाय? धरलेली हाय."

"एकच की."

"एक काहून? रिकाम्या जागेवर कोणी बी येऊन बसतंय. धरलेल्या जागेवर ज्याचं त्यानंच यावं लागतंय."

"ती येणार नाही, नाना. पट्टा पडेपर्यंत, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मुकादम कोणाला सोडत नाही. भावनेनं प्रश्न सुटत नसतात."

नानांनी माझं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. "चांगलं लिवलंस पोरी. पण तुझी गाडी लई जोरात. चढणाऱ्याला चढू तर दे."

गॅदरिंग शनिवारी दुपारी तीनला होतं. पडद्याची दोरी दरवर्षी नानांकडेच असते, कारण ती बेलच्या दोरीसारखी आहे आणि दुसऱ्या कोणाला त्यांनी कधी ती दिलेलीच नाही. भाषणंही त्यांच्याच ताब्यात. तीन मिनिटं झाली की पडद्याआडून टिंग. आमचे केंद्रप्रमुख साहेब गेल्या वर्षी 'शिक्षण म्हणजे' एवढं म्हणाले आणि टिंग झालं. शिक्षण म्हणजे काय ते गावाला अजून कळलेलं नाही.

सकाळीच नानांनी मला बोलावून सांगितलं, "पूनम येऊन राहिली. चारच्या गाडीनं."

तीन दिवसांपूर्वी त्यांनी पूनमच्या आजा-आजीला तिला आणायला सेनगावहून गाडीत बसवून दिलं होतं. आज्याच्या हातात एक चिठ्ठी. कुठं उतरायचं, कोणती गाडी धरायची, त्या गाडीवर कोण कंडक्टर, त्याला काय सांगायचं. आज्याला वाचता येत नाही, पण चिठ्ठी दाखवायला वाचता यायला लागत नाही. वाटेतल्या प्रत्येक डेपोत नानांच्या जुन्या ओळखीचं कोणी ना कोणी होतं. त्या सगळ्यांना आधीच फोन गेले होते.

मला खरं वाटलं नाही. फलक मी स्टेजमागच्या बाकाखाली तयार ठेवले.

तीन वाजता मंडप भरला. पुढच्या सतरंजीवर लेकरं, आणि लेकरांच्या मध्ये तिथंही सहा रुमाल. स्वागतगीत झालं. आता नाटुकलं. शिंदे मॅडम पडद्यापाशी आल्या. "नाना, घ्या पडदा."

"एक शीट कमी हाय, मॅडम."

"अहो, लोक बसलेत."

"साहेबाचं भाषण घ्या तवर."

साहेब बोलायला उभे राहिले. तीन मिनिटं झाली तशी त्यांनी सवयीनं पडद्याकडे तिरकं पाहिलं. घंटी वाजली नाही. त्यांनी आणखी दोन वाक्यं चाचपडत म्हटली आणि पुन्हा पाहिलं. पडद्याच्या फटीतून नानांचं डोकं बाहेर आलं. "बोला साहेब. बराबर चाललंय."

साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कोणी म्हटलं नसावं. ते शिक्षणावर बोलले, स्वच्छतेवर बोलले, स्वतःच्या बालपणावर बोलले. तिथून तुरीवरच्या अळीवर आले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "नानाची घंटी बिघडली काय वं?" एकीनं विचारलं. पडद्यामागे ग्रामसभेच्या सदस्यांच्या काजळाच्या मिशा घामानं हनुवटीपर्यंत आल्या होत्या.

चार वाजले. सव्वाचार. गाडी नाही. साहेबांकडचं सगळं बोलून संपलं होतं. ते काकुळतीनं पडद्याकडे बघत होते, आणि नाना आतून म्हणत होते, "अजून थोडं, साहेब. लोकांला ऐकायचंय."

मी नानांपाशी गेले. त्यांनी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती आणि मनगट पांढरं पडलं होतं.

"नाना, गाडी रद्द झाली असेल."

"रद्द झाली तर डेपोतून फोन येतंय. आला न्हाई."

"किती थांबायचं?"

"शीट येईस्तोवर."

"आणि नाहीच आली तर?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाकाखालचे फलक ओढायला मी वाकले होते ती तशीच सरळ झाले. बाहेर साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून दुसरीतली कविता म्हणायला घेतली होती. दोन ओळींनंतर ते अडकले. सतरंजीवरची पोरं त्यांना पुढची ओळ सांगत होती.

तेव्हा हॉर्न ऐकू आला.

गाडी फाट्यावर थांबते, गावात येत नाही. त्या दिवशी ती शाळेच्या फाटकापर्यंत आली. दारातून पूनम उतरली, अंगात बापाचा सदरा, मागून गाठोडं घेतलेला आजा. कंडक्टरनं दारातूनच आवाज दिला, "नाना, घ्या तुमचं शीट. टायर बसलं वाटंत."

"एवढं बोलून मी थांबतो," साहेब घाईनं म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या त्यांच्याच समजल्या असाव्यात त्यांनी, इतक्या पडल्या.

पूनम थेट स्टेजमागे आली. खुर्चीवरचा रुमाल उचलून तिनं नानांच्या हातात दिला, तिकीट दाखवावं तसा, आणि खुर्चीत बसली.

"म्हातारी कुठं हाय?" नानांनी आज्याला विचारलं.

"तिकडंच ऱ्हाईली. ल्हान्याला बघाया कोणी पायजे ना. एक चढलं, एक उतरलं." आज्यानं गाठोडं खाली ठेवलं. "परीक्षेपातूर पोरगी माझ्यापाशीच ऱ्हाईल."

नानांनी स्टेजवरची डोकी बोटानं मोजली. टिंग टिंग.

पडदा सरकला. "गप बसा समदे," पूनम म्हणाली, "सभा सुरू झाली." ते शेवटच्या रांगेला ऐकू गेलं, आणि माझ्या मते तांड्यालाही. शाळेच्या नळाचा प्रश्न तिनं तिथंच, खऱ्या सरपंचांकडे बघत काढला. सरपंच उठून उभे राहिले आणि "करतो" म्हणाले.

माझ्या पत्रकांचा गठ्ठा बाकाखालीच राहिला. माझं पत्रक खोटं ठरलं होतं, आणि मला इतकं हायसं वाटत होतं की मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. ते मी फाडलेलं नाही. सहा लेकरं अजून फडावर आहेत, आणि दर लेकरामागं एका म्हातारीला पाठवून हा प्रश्न सुटणार नाही. मथळा तेवढा बदलावा लागेल.

शेवटचा नाच राहिला होता. मध्ये लोक पाय मोकळे करायला उठले. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर साहेबांचा ड्रायव्हर बसायला गेला, तर शेजारची बाई म्हणाली, "रुमाल हाय." तो पुढे सरकला. ती खुर्ची मी आधीही पाहिली होती. दरवर्षी तिथं एक रुमाल असतो, गुलाबी काठाचा, धुवून धुवून विरलेला. नानांचे बाकी रुमाल चौकटीचे.

"तो कोणाचा, नाना?"

नाना खिशातली घंटी चाचपत राहिले.

"माझीच जागा हाय ती," ते म्हणाले. "आमची सुमन याच शाळेत होती. दर वर्साला नाच करायची. तिची माय तिथं रुमाल टाकून बसायची, मी येईन म्हणून. मी गाडीवर. कधी गाडी लेट, कधी डबल ड्यूटी. चार वर्सं गेली. पोरीची शाळा संपली."

"काकू काही बोलल्या नाहीत?"

"न्हाई ना. घरी येऊन रुमालाची घडी घालायची, ठिवून द्यायची. बोलली असती तर बरं होतं. आता ती बी न्हाई. सुमन पुण्याला असती. दिवाळीला फोन येतंय."

"मग आता तरी बसा की."

"दोरी कोण धरल?"

मी हात पुढे केला. नानांनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं. मग मनगटावरचे वेढे सोडवून दोरी माझ्या हातात दिली, आणि खिशातून काढून घंटी.

"मोजल्याबिगर सोडू नको," ते म्हणाले.

ते तिसऱ्या रांगेत गेले. गुलाबी काठाचा रुमाल उचलून त्यांनी खुर्ची झटकली, रुमालाची घडी घातली आणि खुर्चीच्या कडेवर बसले, पुढच्याच थांब्यावर उतरायचं असल्यासारखे. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले, रुमालावर.

स्टेजवर लेकरं रांगेत उभी होती. पूनम मध्ये. मी फटीतून बाहेर पाहिलं आणि नाना करतात तसं बोटानं मोजलं. आधी स्टेज, मग सतरंजी, मग खुर्च्या. सतरंजीवर सहा रुमाल अजून होते. तिसऱ्या रांगेत एकही नव्हता.

टिंग टिंग.