शून्य तक्रारींची ढाल

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातील आमचे समुद्रापार कामगार साहाय्य कार्यालय परदेशी राबणाऱ्या आपल्या माणसांच्या तक्रारी संकेतस्थळावर घेते. अशा संकेतस्थळांवर हल्ले होतात असे वरून कळल्यामुळे आमच्या संकेतस्थळापुढे क्लाउड फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तपासून संशयिताला अडवणारी यंत्रणा, बसवण्यात आली. तिचे धोरण आखण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे कार्यालयातील एकमेव संगणकतज्ज्ञाकडे आले.

रीतीप्रमाणे पहिला आठवडा फायरवॉलने कोणाला अडवले नाही, नुसत्या नोंदी ठेवल्या. अहवाल धक्कादायक होता. शंभरातले शहाण्णव जण परदेशातून येत होते. संचालिका लिगाया मॅडमनी चारच्या खाण्यातली पान्सितच्या शेवयांची बशी बाजूला सारली, यावरून प्रकरणाचे गांभीर्य लक्षात यावे. देशाबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवावे, हा नियम क्रमांक एक त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केला. हल्ले थांबले. तक्रारीही थांबल्या; तेवढी आमच्या कामाची पावतीच मिळाली.

पुढच्याच सोमवारी कुवेतहून ताईचा फोन आला. तिथे घरकाम करून तिनेच मला शिकवले. करार संपून चार महिने झाले, तरी मालकीण तिला सोडत नव्हती.

“नोनोय, तुमच्या साइटवर सुटकेचा अर्ज भरतेय, तर ती मलाच संशयास्पद म्हणतेय.”

“ताई, तू देशाबाहेर आहेस ना.”

“अरे बाबा, म्हणून तर अर्ज भरतेय.”

मुद्दा बिनतोड होता, पण धोरणात बसत नव्हता. अपवाद हवा असल्यास मूळ पासपोर्ट घेऊन कार्यालयात समक्ष यावे लागते, हे मी तिला समजावले. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात होता. मला फार वाईट वाटले, म्हणून मॅडमकडे शब्दही टाकला. एकीला दार उघडले तर सगळ्याच येतील, असे त्या म्हणाल्या. ते खरेच होते.

डिसेंबरात शून्य तक्रारींबद्दल आम्हाला मानाची ढाल मिळाली. मी भाषणाला उभा असताना खिशातला फोन थरथरत होता, ताईच होती. भाषण लांबले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या फोनलाही नियम क्रमांक एक लावला. तेव्हापासून ताईचीही काही तक्रार नाही.

या धोरणाची प्रत कोणीही मागितल्यास मोफत मिळेल. आपण मागणार नाही, हे मी जाणतो. आपल्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असणारच, आणि त्या माणसाची आपल्याबद्दल कधीच तक्रार आलेली नसणार.