व्हरांडा-प्रमुख

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या पलीकडच्या त्या चर्चमध्ये कोणी कुठे बसायचे याचा नियम नव्हता. आणि नियमाशिवाय पाळली जाणारी एवढी शिस्त कारखान्यातही नव्हती. साहेब लोक पहिल्या बाकावर, बाबू त्यांच्या मागे, खलाशी, म्हणजे कारखान्यातले हरकामे मजूर, पार भिंतीशी. जानराव बढती मिळून चार्जमन झाला, तेव्हा पुढच्याच रविवारी तो सहकुटुंब एक बाक पुढे सरकला आणि मंडळीने देवाचे आभार मानले.

ठकूबाई ठेकेदाराकडे वॅगन खाली करायची. ठेक्यावरच्या माणसाला हुद्दा नसतो. हुद्दा नाही म्हणजे बाक नाही. म्हणून ती व्हरांड्यात बसे.

एकदा उपासनेनंतर तिने मंडळीचे सचिव शेषराव यांना गाठले.

"भाऊ, मले आत बसू द्या. कानानं कमी आयकू येते. पाळकसाहेबाचं नुसतं तोंड हालताना दिसते."

शेषराव कनवाळू. देवाचे घर अशांसाठीच असते, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी पंचांची बैठक बोलावली आणि व्हरांड्यात भोंगा लावून घेतला.

"आता येते ना आयकू?"

"येते. पन भोंगा वाजला का मले कामावर पळावंसं वाटते. आत बसाचं होतं, भाऊ."

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी सामाजिक न्यायावर उपदेश केला. शेषरावांनी डोळे पुसले आणि पुन्हा बैठक बोलावली.

"तिले आत घ्याचंच," जानराव म्हणाला. "माही ना नाही. पन बसवाचं कुठं? पुढं बसवलं तर खलाशी रुसतीन."

"आमच्या मागं तर भिंत हाये," खलाशांकडून उत्तर आले.

शेषरावांनी खूप विचार केला. अडचण ठकूबाईची नव्हतीच, हुद्द्याची होती. मग तिला हुद्दाच का देऊ नये? ठराव एकमताने पास झाला. रविवारी ठकूबाईच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि ती 'व्हरांडा-प्रमुख' झाली.

हारासकट ती सरळ आत निघाली. शेषरावांनी तिला हळूच अडवले.

"बाई, आत कावून चालल्या? प्रमुखच आत गेला तर व्हरांडा कोन पाहीन?"

ठकूबाईने गळ्यातला हार काढला. "मंग राजीनामा घ्या माहा," ती म्हणाली. हार त्यांच्या हातात देऊन ती पहिल्या बाकावर जाऊन बसली.

माणसे सुसंस्कृत होती. पहिल्या बाकावरचे साहेब लोक आदराने उठून दुसऱ्यावर गेले. क्रम बिघडू नये म्हणून दुसऱ्यावरचे तिसऱ्यावर गेले. असे सरकत सरकत खलाशी व्हरांड्यात आले. आपण सारे एक आहोत, हा उपदेश त्यांनी भोंग्यावर ऐकला. ठकूबाईने मात्र समोर बसून शब्द न् शब्द ऐकला.

शेषराव अजून हार घेऊन दाराशी उभे आहेत. येईल त्याला सांगतात, पहिल्या बाकावर भरपूर जागा आहे. तुम्हीही या, बसा तिच्या शेजारी.

नको? इथेच बरे?

मग जरा मान वाकवा, हार घालायचा आहे.