बाप सापडला!

बालसंगोपन मेळाव्याला बाप येत नाहीत, ही बाब प्रकल्प कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. एरंडोलकडच्या एका गावात मात्र एक बाप आला. राजदीप, वेल्डिंगवाला. कडेवर तीन वर्षांची मृणाली.

"आपणांस सहभागी होण्यास कोणत्या बाबीची मदत झाली?" पर्यवेक्षिका सुलक्षणा मॅडमनी गहिवरून विचारलं.

"पोर खाले उतरतच नही, म्हनीसन उनू," राजदीपने येण्याचं कारण सांगितलं.

बाप सापडल्याचं तातडीने वर कळवण्यात आलं. असा बाप एकाच गावात पडून राहणं म्हणजे शासकीय साधनसंपत्तीचा अपव्यय! त्याला 'आदर्श पिता' नेमून पाचोरा, नशिराबाद, धुळे असं फिरवायला सुरुवात झाली. व्याख्यानाचा विषय एकच: लेकराला वेळ द्या. दुकानाला कुलूप लागलं आणि मृणालीला सांभाळायचं काम राजदीपच्या आईकडे, द्रौपदाबाईंकडे गेलं. तो निघाला की पोर दारात उभी राहून रडायची. त्याच्या पोटात तुटायचं. पण गळ्यात हार पडला की पोट जरा गप्प बसतं.

तरीही बाप जमेनात. शेवटी कार्यालयाने खानदेशी बापाची नाडी ओळखली आणि भरीत-पुरी ठेवली. बाप लोटले! मात्र भरीत तिखट, पोरांच्या तोंडाला झोंबणार. सबब बालहितार्थ मुलांना प्रवेशबंदी झाली.

फिरत फिरत मेळावा राजदीपच्याच गावी आला. घरी डोकावलं असतं, तर सत्काराला उशीर झाला असता. माइक हातात आल्यावर तो रंगला. "आपल्या लेकराची हाक हजारांत ओळखता आली पाहिजे!"

तेवढ्यात दारातून हाक आली, "पप्पा!"

साऱ्या बापांनी तिकडे पाहिलं आणि आपलं नाही अशी खात्री करून पुन्हा पुरी मोडली. राजदीप कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "ज्यांचं मूल असेल त्यांनी कृपया बाहेर न्यावं."

मग त्याने वर पाहिलं. दारात द्रौपदाबाई होत्या. त्यांच्या कडेवरची मृणाली आजीच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती. राजदीपला धावत खाली जावंसं फार वाटलं, पण कार्यक्रमपत्रिकेत तशी तरतूद नव्हती.

"बठ्ठा बाप आठे शेतस," द्रौपदाबाई ओरडल्या, "मंग पोरेसजोडे कोन शे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य झकास होतं. सुलक्षणा मॅडमनी पुढच्या फलकासाठी लगेच प्रमाण मराठीत उतरवून घेतलं: 'सगळे बाप इथे, मग पोरांजवळ कोण?'

तुम्हालाही आवडलं असेल. हवं तर पुन्हा एकदा वाचा. मघापासून तुम्हाला कोण हाक मारतंय, ते नंतर बघता येईल.