डालड्याच्या डब्यातली नवरी

तुळशीच्या लग्नादिवशीच हैबतीची तुळस शेळीने बुडासकट फस्त केली. मग त्याने शेजारच्या ठमाबाईची, डालड्याच्या डब्यात वाढवलेली तुळस संध्याकाळपुरती मागून आणली. देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण समोर ठेवला, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, चुरमुरे वाटले. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

सकाळी ठमाबाई डबा न्यायला आली.

"कशी नेतेस काकी?" हैबती म्हणाला. मुंबईच्या गिरणीतून येताना तो वाद घालायची हौस घेऊन आला होता. "देव आमचा, तुळस तुझी. सून झाली ती आमची. पॉइंट हाय!"

"मेल्या, उसनी दिलेली मी!"

"पोरगी उसनी देतात व्हय?"

ठमाबाईला मूलबाळ नव्हतं. लेकीची वेणी घालावी तशी ती रोज तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची. डोळे पुसत ती पोलीसपाटील रावजींकडे गेली.

"लग्नात चुरमुरे खाल्लेस?" रावजींनी विचारलं.

"खाल्ले."

"मग लेक दिलीस. आता बोलायचं नाय."

वा रे न्याय! ठमाबाई रोज कुंपणावरून डोकवायची. हैबतीची बायको चंद्राबाई सुनेला कौतुकाने कळशी कळशी पाणी पाजायची, तेही पडवीच्या सावलीत. पानं पिवळी पडली, मंजिऱ्या वाळल्या. ठमाबाईने आळी गोळा केली.

"माज्या लेकीचा जाच चाललाय!"

"जाच? पाण्याला तरी कमी केलंय का आमी?" चंद्राबाई कडाडली.

"मुळं कुजवलीस की गो तिची!"

रावजींनी पान चुरगाळून हुंगलं. "पोरगी खंगलीय. माहेरी धाडा."

ठमाबाईने डबा अंगणात उन्हाला ठेवला, माती उकरून मोकळी केली, वाळल्या मंजिऱ्या खुडल्या, पाणी आवरलं. महिन्याभरात तुळस फुटव्यांनी भरली. तेव्हा हैबती सुनेला न्यायला आला.

"सासऱ्याबरोबर नाय धाडायची," ठमाबाई म्हणाली. "नवऱ्याला धाड."

हैबतीने बाळकृष्ण ताम्हनात घालून आणला. ठमाबाईने जावयाचे पाय धुतले, लोणी-साखर पुढे केली आणि त्याला तुळशीशेजारी बसवलं. दोन दिवस झाले, चार झाले, ती कुणालाच सोडीना. हैबती रावजींना घेऊन आला.

रावजी बाळकृष्णापुढे वाकले. "घरी जायचंय का, देवा?"

त्यांनी मूर्तीच्या तोंडाशी कान नेला.

"नाय म्हणत नाय, हो म्हणत नाय," रावजी उठले. "जबरदस्तीने कसा न्यायचा? राहू दे घरजावई."

आता चंद्राबाईला रोजच्या पूजेसाठी ठमाबाईच्या अंगणात यावं लागतं. परवा ती जरा लवकर आली, तर ठमाबाईने दारातच तोंडावर बोट ठेवलं.

"विहीणबाई, मागाहून या. जावई अजून निजलेत."