पहिली आणि दुसरी

घरात अबोला चालू होता आणि ऑफिसात धागे अडकले होते. दोन्ही प्रकरणं एकाच माणसाच्या गळ्यात होती. ऑफिसात त्याला धागेवालाच म्हणत.

तो एक लायब्ररी सांभाळायचा. पुस्तकांची नव्हे, ही लायब्ररी म्हणजे कॉम्प्युटरमधला निरोप्या. लोकांचे प्रश्न डेटाबेसकडे न्यायचे, उत्तरं परत आणायची. एकदम दहा जणांनी विचारलं तर दहा धागे सोडायचे, म्हणजे थ्रेड. दोन ऑपरेटिंग सिस्टिमवर हे गुण्यागोविंदाने चालायचं. तिसरीवर मात्र एकाचं उत्तर दुसऱ्याला जायचं. आणि ती तिसरी नेमकी शिक्षकांच्या बदल्या-रजा बघणाऱ्या कार्यालयात बसवलेली होती.

"ड्रिलच्या मास्तरांना बाळंतपणाची रजा दाखवतंय," साहेब त्याच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "आज निस्तर. नाहीतर त्या मास्तरांसमोर तुलाच उभा करतो."

तेवढ्यात घरून आईचा फोन आला. गेल्या आठवड्यात बायकोच्या वाढदिवसाला 'एवढा धागा सोडवून आलोच' म्हणून हा हॉटेलात पोचला, तेव्हा वेटर खुर्च्या टेबलांवर उलट्या घालत होते. तेव्हापासून नवराबायकोतला सगळा व्यवहार आईमार्फत चाले.

"हे बघ, दोन गोष्टी," आई म्हणाली. "मशीनवाला आलाय. विचारतोय, धुण्याची मशीन भंगारात नेऊ की दुरुस्त करू? आणि हिची शाळेतून लांब बदली निघालीय. आजच कळवायचंय. म्हणते, ह्याला विचारा, जाऊ की नको."

'नको' असं ओरडावंसं त्याला वाटलं. पण मागे साहेब. साहेबांपुढे बायकोचं काय बोलणार? त्याने आवाज उतरवला. "पहिलीला जाऊ दे. लग्नाच्या वर्षीची ती, आता नुसता आवाज करते. दुसरीला मात्र कुठे सोडू नकोस. तिच्याशिवाय घर चालायचं नाही."

आता, आईच्या हिशेबी त्या घरात पहिली म्हणजे सून आणि मग मशीन. यात त्या माउलीची काय चूक?

बदलीचं ऐकल्यावर त्याचं कामात लक्ष लागेना. डोकं दुखतंय असं सांगून, लॅपटॉप काखोटीला मारून तो घरी आला. गॅलरीत मशीन घरघरत होती आणि मशीनवाला फडक्याने हात पुसत होता.

"वाचवली बघ तुझी दुसरी," आई म्हणाली. "नवी मोटर बसवली."

"आणि पहिली?"

"ती आत बॅग भरतेय."

"आई, तू तिला सांगितलंस तरी काय?"

"तूच सांगितलंस ते. जाऊ दे, नुसता आवाज करते."

तो आत धावला. भरलेली बॅग शेजारी ठेवून, बदल्यांच्या कार्यालयाचं पान उघडून बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती. त्याच्याकडे न बघता ती भिंतीला म्हणाली, "आई, ह्याला सांगा, आवाज जातोय घरातून. पण मेलं मंजूर दाबलं की कुणा मास्तरांचं बाळंतपण येतंय."

तो पडद्याकडे बघतच राहिला. प्रश्न दोन, निरोप्या एक, आणि उत्तरावर नावच नाही. तिसऱ्या सिस्टिमवर लायब्ररी अगदी आईसारखीच वागत होती. आठवडाभर डोकं फोडून जे सापडलं नव्हतं, ते त्याला बॅगेशेजारी सापडलं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

मशीन कपडे पिळायला लागली होती, त्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. "काय?"

"अगं, भंगारात मशीन जायची होती," तो ओरडला आणि मशीन एकदम थांबली, "तू नाही! तुझ्याशिवाय माझं चालत नाही!"

हे अख्ख्या जिन्याने ऐकलं. मशीनवाल्याने दारातून डोकावून विचारलं, "मग मोटर परत काढू का?"

बायकोने डोळे पुसले आणि नामंजूर दाबलं. मास्तरांची रजा नामंजूर झाली. खाली बारीक अक्षरांत ओळ होती: कार्यालय बंद होण्याआधी उत्तर न आल्यास बदली मान्य आहे असे समजले जाईल.

आता मात्र धागेवाल्याने मांडी ठोकली. प्रत्येक प्रश्नाच्या पाठीवर विचारणाऱ्याचं नाव चिकटवलं, उत्तर त्याच नावावर परत येईल अशी सोय केली, तिन्ही सिस्टिमवर चालवून बघितलं आणि साहेबांना फोन लावला. "दुरुस्त झालंय. कार्यालयात चढवा लगेच."

"आठवडाभर घोळ घालत होतास, आज एवढी कसली घाई?"

"घरचं गिऱ्हाईक आहे, साहेब."

थोड्या वेळाने पडद्यावर बायकोचं स्वतःचं नाव आलं. तिचं बोट नामंजूरवर थांबलं. "आई, ह्याला विचारा—"

"मी आजपासून निरोप नेत नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग तिने आठवड्यात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "दाबू?"

"दाब."

तिने दाबलं. तिची बदली नामंजूर झाली, तिचीच. ती म्हणाली, "आणि यापुढे पहिली-दुसरी चालायचं नाही. साहेब असोत नाहीतर कुणी असो, नाव घ्यायचं."

त्याचा फोन वाजायला लागला, साहेबांचाच होता. त्याने तो उचलला आणि म्हणाला, "साहेब, एक मिनिट थांबा." मग फोन तसाच हातात धरून त्याने तिचं नाव घेतलं.