पदूकाकांची चंद्राबाई

आमचे शेजारी पदूकाका पाटील भाजीवाल्याशी स्वतः बोलत नाहीत. पिशवीतून लाकडी बाहुली काढतात, दोऱ्या ताणतात आणि तिच्या बारीक आवाजात विचारतात, "भय्या, ये भेंडी है या लकडी?" भय्या हसतो आणि मूठभर कोथिंबीर फुकट देतो. त्याच भय्याशी मी बारा वर्षं हिंदीत, मराठीत, अगदी गोड बोलतोय. मला कढीपत्त्याची काडीही मिळालेली नाही.

बाहुलीचं नाव चंद्राबाई. काकांचे वडील जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायचे. काकांचा जन्म कापडाच्या लूमवर गेला, पण शिफ्ट सुटली की ते बाहुल्यांचे कपडे शिवत बसत. "मानूस धा शब्द बोलतो, बाहुली येक. पन लोक ऐकतात तिचंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा आम्ही शिक्षकांनी आमच्या कामतघर गावात 'बाहुल्यांची वाट' काढली. आईबापांनी मुलांना घेऊन तलावापासून चालत निघायचं, पूर्वी जिथे खेळ रंगत तिथे थांबायचं आणि मी माहिती सांगायची. महिनाभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून मी टिपणं काढली होती. काकांनी फक्त शेवटी खेळ करायचा होता.

पहिल्याच थांब्यावर मी घसा खाकरला. "आपल्या गावातील लोककलेची परंपरा..."

"मास्तर, आवरा! पोरांना शू लागली!" मागून चंद्राबाई ओरडली.

सगळी वाट खो खो हसली. माझी बायकोसुद्धा. माझ्या कुठल्याही विनोदावर ती इतकी हसलेली मला आठवत नाही. दुसऱ्या थांब्यावर माझ्या मुलीने माझा हात सोडून चंद्राबाईचा धरला. तिसऱ्यावर मी टिपणं खिशात कोंबली.

खेळ संपला, माणसं पांगली. मला राहवेना.

"नशीबवान आहात, काका. सगळे तुमचेच!"

काका बाहुल्या पेटीत ठेवत होते.

"मास्तर, आपली भिंत पातळ हाय. तुम्ही न् सूनबाई रोज भांडता. आमटीत मीठ न्हाय, टॉवेल कुठं टाकला... मी टीव्ही बंद करून ऐकतो. आमची ही गेली त्याला सहा वर्सं झाली. माझ्या घरात कुनी भांडत न्हाय."

"आज आमच्याकडे जेवायला या," एवढंच म्हणालो.

काकांनी मान हलवली.

"नको. मी समोर बसलो तर तुम्ही भांडनार न्हाय."