पावडरची घट

माणसाचे गुण कळायला वर्षं जातात, स्वभाव कळायला संसार करावा लागतो. रंग मात्र बसल्या जागेवरून दिसतो. विवाहासारख्या घाईच्या कामात म्हणूनच रंगाला पहिला मान आहे, आणि यात कुणाचाही दोष नाही. दोष असलाच तर तो पावडरचा. (हे मत वालूरच्या किशनराव ग्रेडर यांचं असून ते जिंतूरपासून पाथरीपर्यंत मान्य झालेलं होतं.)

किशनरावांनी एकवीस वर्षं एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवली. बैलगाडी फाटकात शिरली की ते तिच्यात हात खुपसत, चिमूटभर कापूस ओढून पाहत आणि एकच शब्द बोलत. एवढी तयार झालेली नजर नुसत्या कापसावर खर्ची पडावी, हे भावकीला पटेना. १९८१च्या लगीनसराईत चुलतभाऊ त्यांना मुलगी पाहायला घेऊन गेला. "तुमी फकस्त रंग बगा, बाकीचं आमी बगतो," म्हणाला. किशनरावांनी रंग पाहिला. बाकीचं कुणीच पाहिलं नाही. पुढं हीच पद्धत रूढ झाली.

त्यांनी मुलींच्या पाच प्रती ठरवल्या: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी आणि 'स्वभावानं चांगली'. पाचव्या प्रतीबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही, कारण ऐकायला ती बरी लागते.

अडचण आली ती पावडरीची. निमगोरी म्हणून पसंत केलेली मुलगी हळदीच्या दिवशी अंघोळ करून सावळी निघू लागली. तेव्हा हा माल कशाचा बनतो हे मुळातून समजून घ्यायचं किशनरावांनी ठरवलं. डब्यातल्या पावडरीच्या पुड्या बांधून त्यांनी गावातल्या जाणकारांना दाखवल्या. सायकलवाल्या मुंजाजींनी पुडी बोटांत चोळली आणि म्हणाले, "ही तर आपली ट्यूबची पावडर! ट्यूब टायरला चिकटू न्हाई म्हून टाकतो की आमी." हे शंखजिरं. डब्यात निम्म्याहून जास्त तेच असतं, आणि हाताला मऊ लागतं ते त्याच्यामुळं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं जस्ताचं भस्म ओळखलं. घामोळ्यांच्या मलमात ते असतं, आणि खालचं झाकायचं मुख्य काम तेच करतं. मास्तरांना खडू सापडला. गोजरबाईंनी, म्हणजे किशनरावांच्या मंडळींनी, चिमूट जिभेवर ठेवून तांदळाची पिठी सांगितली. चमकणारे कण अभ्रकाचे होते; शिमग्याला गुलालातून डोळ्यात जातं ते हेच. किंचित तांबूस झाक होती ती कावेची. तिनं गावात भिंतीला पट्टे ओढतात. उरला वास. तो कशाचा हे कुणालाच सांगता आलं नाही. (डब्याची किंमत त्याचीच असावी.)

ट्यूब, मलम, फळा, पापड, गुलाल आणि भिंत! यातलं काहीही तोंडासाठी जन्माला आलं नव्हतं. किशनरावांना याचा राग आला नाही. त्यांना उलट कौतुक वाटलं, आणि त्यांनी प्रत्येक घटकासाठी एकेक परीक्षा बसवली. अभ्रकासाठी मुलीला दारातल्या उन्हात उभं करावं. पिठीसाठी चहा कढत द्यावा. वाफेनं वरच्या ओठाशी गोळ्या धरतात. जस्त हनुवटीखालच्या घडीत साठतं, म्हणून "वर बग माय" असं मायेनं म्हणावं. खडू पदराला लागतो, म्हणून मुलीला घाम पुसू द्यावा. (घाम येत नसेल तर प्रश्न विचारावेत.)

पाच हंगामांत एकशे बारा मुली तपासण्यात आल्या. पैकी एकशे नऊ जणींच्या तोंडावर पावडर आढळली. उरलेल्या तिघींपैकी दोघींची आधीच रडण्यात वाहून गेली होती, आणि एकीचा डबा संपला होता. एवढा आकडा हाती आल्यावर प्रत्येकीची वेगळी तपासणी करत बसणं किशनरावांना वेळेचा अपव्यय वाटू लागलं. जिनिंगमध्ये ओलाव्यापायी सरसकट प्रत्येक गाडीच्या वजनात घट धरत; ओली कोणती, कोरडी कोणती, हे पाहत बसत नसत. तोच न्याय त्यांनी इथं लावला. दिसेल त्या रंगातून पावडरपोटी एक प्रत कमी धरावी, असा नियम झाला. पाथरीच्या दत्तरावांनी, जे त्यांचे पट्टशिष्य होते, तो वहीत उतरवून घेतला.

१९८६च्या चैत्रात किशनरावांच्या स्वतःच्या मुलीला, मनकर्णाला, पाथरीचं स्थळ आलं. मुलगा सूर्यभान, ग्रामसेवक. मनकर्णा डी.एड. झालेली, वालूरलाच दुसरीच्या वर्गावर शिकवत होती, आणि रंगानं सावळी होती. एकुलती एक लेक चांगल्या घरी पडावी, यापलीकडं किशनरावांना आता आयुष्यात काही नको होतं. बंदमुळं एसटी दोनदा हुकली आणि पाहुणे तिसऱ्यांदा ठरलेल्या तारखेला आले. मुलाकडून रंग पाहायला दत्तराव होते.

"पावडर लावायची न्हाई," किशनरावांनी सकाळीच घरात बजावलं. "आपला माल कोरडा हाय." मनकर्णानं साबणानं तोंड धुतलं आणि ती तशीच बाहेर आली.

दत्तरावांनी गुरूला शोभेल अशी तपासणी केली. ऊन झालं, कढत चहा झाला, "वर बग माय" झालं. अभ्रक नाही, पिठी नाही, जस्त नाही. पदर स्वच्छ. त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांकडं पाहून सांगितलं, "पोरगी स्वभावानं लय चांगली हाय."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"दत्तराव," किशनराव म्हणाले, "आवो, पावडरच न्हाई तर घट कशाची धरायलाव?"

"ग्रेडर साहेब, घट समद्या गाड्यांना. ओली कोणती, कोरडी कोणती, ते आपुन बगत न्हाई. तुमीच सांगलेलं हाय."

"मंग आता लावू का पावडर?"

"लावा की. लावली तरी घट तेवढीच."

यात कुठंही चूक नव्हती. किशनरावांनी नियम मनातल्या मनात उलटून पालटून पाहिला, तो पक्का होता. हेच शब्द त्यांनी स्वतः एकोणीस घरांत उच्चारले होते आणि लगेच तोंडात टाकायला सुपारी मागितली होती. त्या घरांतल्या आया तेव्हा आत काय करत असतील, हे त्यांना आज स्वयंपाकघरातून येणाऱ्या हुंदक्यामुळं कळलं. त्यांना लाज वाटली. मान वर करून लेकीकडं पाहायचं त्यांना धाडस होईना.

मनकर्णा मात्र मुलाकडं पाहत होती. चैत्राचं ऊन, अंगात टेरिलीनचा शर्ट. सूर्यभानच्या कानापासून कॉलरपर्यंत घामाच्या दोन रेघा उतरल्या होत्या, आणि दोन्ही रेघा बाकीच्या तोंडापेक्षा पुष्कळ गडद होत्या. मुलाचं तोंड पाहायचा नियमच नसल्यामुळं ही बाब अन्य कुणाच्या निदर्शनास आलेली नव्हती.

"पाव्हण्यांना तोंड धुवायला पाणी आणू का?" तिनं विचारलं.

"नको, नको," सूर्यभान घाईनं म्हणाला, आणि रुमाल काढता काढता त्यानं तो परत खिशात घातला.

आठ दिवसांनी पाथरीहून कार्ड आलं: 'मुलगी पसंत आहे. रंगाचे आम्ही सोसून घेऊ.' गोजरबाईंनी देवापुढं साखर ठेवली. किशनराव कार्ड घेऊन मनकर्णाच्या समोर बसले. एकशे बारा मुलींत एकीलाही न विचारलेला प्रश्न त्यांनी घसा साफ करून विचारला, "बाई, तुला पोरगा पसंत हाय का?"

मनकर्णानं वह्या तपासणं थांबवलं. "मी अजून बगितलाच न्हाई, दादा," ती म्हणाली. "एकडाव तोंड धुवून येऊ द्या. मंग सांगते."

किशनराव कोरं कार्ड शोधू लागले, तशा गोजरबाई म्हणाल्या, "आवो, आसं लिवू नगा, स्थळ जाईल!" स्थळ खरोखरच जाण्यासारखं होतं. तरी त्यांनी उलट टपाली कार्ड लिहिलं, मुलीचे शब्द जसेच्या तसे, घट न धरता.

पुढच्या रविवारी सूर्यभान पाथरीच्या गाडीनं एकटाच आला. स्टँडजवळच्या हापशावर त्यानं शर्टाच्या बाह्या वर करून मानेपर्यंत तोंड धुतलं. (मुंजाजींनी हे दुकानातून पाहिलं आणि पाहुणा दारात पोचायच्या आत गावात पोचवलं.) बसल्यावर तो मनकर्णाला म्हणाला, "मागल्या बारीला मायनं लावली होती पावडर. मला लय लाज वाटू लागली होती." मनकर्णा हसली. मग अर्धा तास दोघं बोलले. तिच्या वर्गात पोरं किती आहेत, पुस्तकं वेळेवर येतात का, हे त्यानं विचारलं. लग्नानंतर नोकरी करू देणार का, हे तिनं विचारलं, आणि तो "करू देणारा मी कोण?" म्हणाला. त्यावर ती आत गेली आणि आईला "हो म्हण" असं सांगून आली. वैशाखात लग्न लागलं. किशनराव त्यानंतर मुली पाहायला गेले नाहीत. दत्तराव अजून जातात.

झालं ते सगळं इथं सांगून टाकलेलं आहे. मुलगा मनानं कसा, लग्न जमलं का, पोरगी नोकरीत राहिली का (राहिली), यातलं काही शिल्लक ठेवलेलं नाही. एवढं असूनही तोंड धुतल्यावर सूर्यभानचा रंग कोणता निघाला, हे राहिलंच, असं ज्या वाचकांना वाटत असेल, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तोंडावरचं शंखजिरं पाण्यानं जातं. नजरेतलं कशानं जातं, हे कंपाउंडरलाही अजून सांगता आलेलं नाही.